कॉलेजच्या कचेरीची किल्ली

ज्ञानदानाच्या संस्थांविषयीं आपल्याकडे जितकें बोललें जातें तितकें त्या संस्थांच्या कचेऱ्यांविषयीं बोललें जात नाहीं. प्राध्यापकांची विद्वत्ता, त्यांचें वेतन, अभ्यासक्रमांची अदलाबदल, परीक्षांचा गोंधळ ह्यांवर मासिकांचीं पानेंच्या पानें भरतात; परंतु ज्या टेबलावर आपल्या मुलीचा प्रवेश-अर्ज, तिचा जातीचा दाखला, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, आधार-क्रमांक, बँकेचें खातें आणि गुणपत्रक हीं सर्व एकत्र येऊन पडतात, त्या टेबलावरचा संगणक कोण उघडतो, कोठून उघडतो आणि कोणत्या किल्लीनें उघडतो, ही चौकशी करण्याची बुद्धि सुशिक्षित पालकांसहि क्वचितच होते. ती चौकशी आतां केली पाहिजे. कारण गेल्या कांहीं वर्षांत ह्या कचेरीस एक नवें दार पडलें आहे. तें कॉलेजच्या फाटकांत नाहीं, कारकुनाच्या घरांत आहे. आणि पुष्कळ ठिकाणीं त्यास कुलूप तर नाहींच, पण कडीहि नाहीं.

आम्ही बोलत आहों तें महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांनीं घरीं बसून कचेरीच्या संगणकावर काम करण्याच्या सोयीविषयीं. ही सोय नसावी असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. ती असावी, ती नीट असावी, आणि संस्थेनें ती आपल्या खर्चानें व आपल्या जबाबदारीवर करून द्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. परंतु हें 'एवढेंच' कित्येक संस्थाचालकांच्या पचनीं पडत नाहीं, हें पाहिलें म्हणजे विषय वाटतो तितका क्षुल्लक नाहीं असें ध्यानांत येतें.

२४ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हां आर्थिक वर्ष संपावयास एक आठवडा उरला होता. ज्यांस कॉलेजच्या कचेरीची माहिती आहे त्यांस मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे काय हें सांगावयास नको. पगारबिलें, शिष्यवृत्तीचे अर्ज, अनुदानाचे हिशेब, सगळें त्याच आठवड्यांत मानगुटीस बसलेलें असतें. प्राध्यापकांचें काम बोलण्याचें. ते मोबाइलसमोर बसून बोलूं लागले, आणि त्यांच्या अडचणींविषयीं वर्तमानपत्रांत भरपूर लिहूनहि आलें. हिशेबनीसाचें काम मात्र टॅलींत होतें, ग्रंथपालाचें काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें भारतीय ग्रंथालयांसाठीं तयार केलेल्या 'सोल' ह्या प्रणालींत होतें, आणि हीं दोन्ही एका ठराविक खोलींतील एका ठराविक यंत्रांत. तेव्हां ज्यास जें सुचलें तें त्यानें केलें. कोणीं संगणकाचा खोका स्कूटरवर बांधून घरीं नेला, कोणीं वर्षाचे हिशेब पेन-ड्राइव्हवर भरून खिशांत घातले. त्या वेळीं घडलें त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आग लागली असतां पाणी कोणत्या भांड्यानें आणलें हें कोणी विचारीत नाहीं. परंतु आग विझून वर्षें लोटलीं तरी त्याच फुटक्या भांड्यानें रोजचें पाणी भरावयाचें, आणि वर त्यास 'आमचें कॉलेज डिजिटल झालें' असें नांव द्यावयाचें, हें मात्र आम्हांस मुकाट्यानें पाहवत नाहीं.

आमच्या माहितींतील एका महाविद्यालयाची व्यवस्था सांगतों. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण हें वर्णन वाचून पुष्कळ प्राचार्यांस आपलीच कचेरी आठवेल. तेथें हिशेबनीसाचा संगणक रात्रंदिवस चालू असतो. दुरून त्याचा पडदा पाहतां यावा व तो चालवितां यावा म्हणून त्यावर एक फुकट प्रोग्रॅम बसविलेला आहे. त्याचा पासवर्ड सर्वांस एकच. संस्थेचें नांव आणि त्यापुढें स्थापनेचें साल असा तो आहे. आणि कोणास विसर पडूं नये म्हणून तो चिठीवर लिहून पडद्याच्या कडेस चिकटविलेला आहे! ह्या एका पासवर्डाच्या बळावर हिशेबनीस, शिष्यवृत्तीचा कारकून, प्राचार्यांचे स्वीय साहाय्यक, आणि वर्षांतून दोनदां यंत्रें दुरुस्त करावयास येणारा दुकानदार, असे सगळे त्याच संगणकांत शिरतात. एखादी नोंद बदलली तर ती कोणीं बदलली हें सांगणारा पुरावा नाहीं, कारण यंत्राच्या दृष्टीनें सगळेच 'हिशेबनीस'. ज्या घरच्या लॅपटॉपवरून हा कारभार चालतो त्यावरच दुपारीं मुलें खेळ उतरवून घेतात. आणि जें ह्या वाटेनें जमत नाहीं तें व्हॉट्सअ‍ॅपवरून जातें: विद्यार्थ्यांच्या याद्या, आधार-पत्रांचीं छायाचित्रें, बँकेच्या पासबुकाचीं पहिलीं पानें. तीं कोणाकोणाच्या मोबाइलांत किती वर्षें पडून आहेत हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं.

असले प्रोग्रॅम स्वभावतः वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. दूरच्या कारागिरानें घटकाभर यंत्र पाहून दोष काढून द्यावा, ह्या कामीं ते उत्तम आहेत. परंतु फुकट मिळणारी आवृत्ति बहुधा खाजगी वापरापुरतीच दिलेली असते. संस्थेच्या नित्याच्या कामास ती जुंपणें हा कराराचा भंग आहे, हें सदाचारावर व्याख्यानें देणाऱ्या संस्थांनीं तरी ओळखावयास हवें होतें. शिवाय ज्या हत्यारानें कारागीर आंत येतो त्याच हत्यारानें ठकहि येतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्क ह्या प्रोग्रॅमचें नांव घेऊन बँकांस सावध केलें होतें; ठक लोक भोळ्या ग्राहकास तो मोबाइलवर घ्यावयास लावीत आणि दुरून त्याचें खातें रिकामें करीत. बँकेच्या ग्राहकास जो इशारा लागू, तो हजारों विद्यार्थ्यांचीं खातीं टेबलावर ठेवून बसलेल्या कचेरीस लागू नाहीं काय?

आतां योग्य व्यवस्था कशी असते तें सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळांच्या मनांत दोहोंचा घोळ आहे. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या पद्धतींत महाविद्यालयाच्या एका मोठ्या सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचें निराळें मेज मांडलेलें असतें. हें मेज लांकडाचें नव्हे, प्रोग्रॅमचें. पण त्यावर ज्याच्या त्याच्या वह्या, ज्याचीं त्याचीं दप्तरें, आणि ज्यास जेवढें पाहण्याचा अधिकार तेवढेंच. कर्मचारी घरून ह्या मेजाशीं बसतो. त्याच्या पडद्यावर दिसतें तें त्या मेजाचें केवळ चित्र. त्याच्याकडून तिकडे जातात ते केवळ कळांचे ठोके आणि माउसच्या हालचाली. गुणांची यादी, हिशेबाची वही, ग्रंथांची नोंद ह्यांतील एकहि फाइल कचेरीबाहेर पाऊल टाकीत नाहीं. मजकुराची नक्कल घरच्या यंत्रावर उतरवून घेण्याची वाटहि बंद करून ठेवतां येते. लॅपटॉप लोकलमध्यें विसरला तर लॅपटॉप गेला. विद्यार्थ्यांचीं नांवें गेलीं नाहींत. घरची वीज गेली तर अर्धें टंकलेलें पत्र तेथें अर्धेंच, पण शाबूत राहतें. वीज आली कीं ज्या शब्दावर हात थांबला होता तेथूनच पुढें चालूं लागावें. आमच्या दृष्टीनें ह्या पद्धतीचें सारें मर्म येथें आहे. लोक समजतात कीं घरून काम करणें म्हणजे कचेरी घरीं आणणें. नीट केलेल्या व्यवस्थेंत कचेरी जेथल्या तेथें राहते, माणूसच तेवढा तिकडे जाऊन येतो.

ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. अनेकांनीं एकच यंत्र दुरून वापरावें ह्या कल्पनेवर अमेरिकेंत सिट्रिक्स ही कंपनी १९८९ सालीं निघाली. मायक्रोसॉफ्टनें १९९८ सालीं विंडोज एन. टी. ची 'टर्मिनल सर्व्हर' ही आवृत्ति काढली. आणि २००१ च्या विंडोज एक्स. पी. पासून तिच्या प्रोफेशनल आवृत्तींत दूरस्थ मेजाची सोय आयतीच येऊं लागली. म्हणजे पंचवीस वर्षें जगाच्या पेढ्या आणि कारखाने जी वाट तुडवीत आले, ती 'अजून नवी आहे, जरा पाहूं' असें म्हणण्याचा अधिकार आमच्या संस्थांस राहिलेला नाहीं.

मात्र आयती मिळणारी गोष्ट आयती उघडीहि पडते. ह्या सोयीसाठीं यंत्रावर एक दरवाजा असतो; त्याचा क्रमांक ३३८९. हा क्रमांक जगांतील प्रत्येक चोरास पाठ आहे. जो उत्साही तंत्रज्ञ हा दरवाजा सरळ इंटरनेटवर उघडून देतो आणि प्राचार्यांस 'साहेब, झालें काम' असें सांगतो, त्यानें कचेरीची भिंत पाडून तेथें पडदा लावला, असें समजावें. दिवसरात्र यंत्रांच्या फौजा असे दरवाजे हुडकीत व पासवर्ड अजमावीत फिरत असतात. मे २०१९ मध्यें तर ह्याच सोयींत, पासवर्डावांचूनहि आंत शिरतां येईल असें भगदाड सांपडलें. तें 'ब्लूकीप' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. प्रकरण इतकें गंभीर कीं ज्या एक्स. पी. ची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालींच थांबविली होती, तिच्यासाठींहि तिला ठिगळ काढून द्यावें लागलें. आमच्या कित्येक कचेऱ्यांत तेव्हां एक्स. पी. च चालत होती, आणि तें ठिगळ लावणारा कोणी नव्हता, ही गोष्ट वेगळी.

म्हणून दारापुढें देवडी हवी. जुन्या वाड्यांत आलेला माणूस एकदम माजघरांत जात नसे. देवडीवर त्यास थांबवून कोण, कोठला, कोणाकडे हें विचारलें जाई. येथेंहि तसेंच. प्रथम देवडी, तिच्यावर प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड, आणि त्याशिवाय मोबाइलवर दर तीस सेकंदांस बदलणारा आंकडा, मग ज्याच्या त्याच्या मेजाची खोली, आणि कोण केव्हां आला व केव्हां गेला ह्याची आपोआप लिहिली जाणारी वही. ही देवडी विकतच घेतली पाहिजे असेंहि नाहीं. अपाची ग्वाकामोले ह्या नांवाची एक व्यवस्था कोणासहि विनामूल्य वापरतां येते. तिच्यांत घरच्या संगणकावर कांहींहि बसवावें लागत नाहीं, साधा ब्राउझर पुरतो. प्रश्नपत्रिकांचें यंत्र मात्र ह्या देवडीच्याहि पलीकडे, दुरून कोणासच दिसणार नाहीं असें ठेवावें; कांहीं कामें जाग्यावर जाऊन करण्याचींच असतात.

ह्यावर कोणी म्हणतील, एवढा बागुलबुवा कशास? कॉलेजच्या दप्तरांत असें काय सोनें पुरलें आहे? त्यांनीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांतल्या लिंकन कॉलेजची हकीकत वाचावी. अब्राहाम लिंकन हयात असतां, १८६५ सालीं, त्यांच्या नांवानें तें निघालें. १९१२ ची आग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १९३० नंतरची मंदी, दोन महायुद्धें इतक्यांतून तें तगलें. कोव्हिडच्या साथीनें विद्यार्थी व पैसा दोन्ही आटले असतांच डिसेंबर २०२१ मध्यें खंडणीखोरांनीं त्याच्या संगणकांवर हल्ला केला. प्रवेशाचें, विद्यार्थी टिकविण्याचें व देणग्या गोळा करण्याचें सारें काम ज्या दप्तरांवर चालतें तीं दप्तरेंच बंद पडलीं. तीं मार्च २०२२ मध्यें पुन्हां उघडलीं तेव्हां पुढील वर्षीं किती मुलें येणार ह्याचा अंदाज हातीं आला, आणि तो पाहून संस्थाचालकांनीं हात टेकले. १३ मे २०२२ रोजीं तें कॉलेज कायमचें बंद झालें. एकटा हल्लाच ह्यास कारण झाला असें कोणी म्हणत नाहीं, आणि चोर कोणत्या दारानें शिरले हाहि येथें प्रश्न नाहीं. एकशें सत्तावन्न वर्षांची संस्था, तिच्या कारकुनाचें टेबल कांहीं महिने बंद पडतांच मोडून पडूं शकते, हें ज्यांस आपली कचेरी क्षुल्लक वाटते त्यांनीं भिंतीवर लिहून ठेवावें.

आतां संस्थाचालकांच्या आक्षेपांकडे वळूं. त्यांतील पहिला व सर्वांत लाडका आक्षेप असा कीं, घरीं बसून काम म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें. नोकर डोळ्यांपुढें असतांना काम करीत नाहींत, ते घरीं काय करणार? ह्यास आमचा साधा प्रश्न आहे. कचेरींतल्या खुर्चीवर बसलेला माणूस काम करतो कीं नाहीं हें आपण आजवर कशावरून ठरवीत आलां? खुर्चीवरून. हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटला आणि खुर्ची भरलेली दिसली कीं काम झालें! नीट मांडलेल्या दूरस्थ मेजावर कोण किती वाजतां आला, कोणतें काम पुरें झालें, ह्याची नोंद राहते. कामाचें मोजमाप मागणारास तें येथें मिळतें; ज्यास केवळ माणूस समोर बसलेला हवा, त्यास तें नको असतें. तेव्हां हा आक्षेप कामचुकारपणाविरुद्ध नसून, हुकूम करण्यास समोर कोणी असावें ह्या हौसेचा आहे, असें आमचें मत झालें आहे. आम्ही हेंहि कबूल करतों कीं सगळें काम घरून होणार नाहीं. खिडकीशीं उभ्या असलेल्या खेड्यांतल्या मुलास समजावून सांगणारा माणूस खिडकीशींच हवा, आणि कोणताहि सर्व्हर त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट आक्षेपाची नव्हे, क्रमाची आहे. पण आमचा राग तिच्यावर अधिक. जेथें ही सोय येते तेथें ती प्रथम प्राचार्यांस मिळते, मग विभागप्रमुखांस, मग प्राध्यापकांस, आणि कारकून व ग्रंथपाल ह्यांची पाळी येईपर्यंत पैसा संपतो. वास्तविक प्राध्यापकांस हिची गरज सर्वांत कमी. त्यांचीं टिपणें त्यांच्या लॅपटॉपवर, त्यांचीं नियतकालिकें इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टमधून घरबसल्या उघडणारीं. जड गणितें किंवा आराखडे करणाऱ्या थोड्या विभागांचा अपवाद सोडला, तर दूरस्थ मेज त्यांस शोभेपुरतेंच. ज्याचें काम एका खोलींतल्या एका यंत्रास बांधलेलें आहे तो खरा गरजू, आणि तो म्हणजे हिशेबनीस, शिष्यवृत्तीचा कारकून, परीक्षा-विभागाचा साहाय्यक, ग्रंथपाल. शिक्षकेतर जागांची भरती वर्षानुवर्षें रखडल्यामुळें तिघांचें काम एकटा ओढीत असतो. डोंबिवलीहून किंवा वसईहून रोज येतां-जातां तीन तास लोकलमध्यें उभी राहणारी जी बाई दिवसभर केवळ यंत्रावर आंकडे भरते, तिला आठवड्यांतून दोन दिवस तरी तें काम घरून करतां आलें, तर त्यांत कोणाचें काय बुडतें? परंतु मान आणि गरज ह्यांचा आमच्या संस्थांत ज्या दिवशीं मेळ बसेल तो सुदिन!

खर्चाची ओरड मात्र नेहमींची. चौसष्ट गिगाबाइट स्मृतीचा एक सर्व्हर कारकुनी काम करणारीं पंधरा-वीस माणसें सुखानें वागवितो. विंडोजच्या मार्गानें गेल्यास प्रत्येक माणसामागें किंवा यंत्रामागें परवाना घ्यावा लागतो, हें खरें, आणि तो चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात, हेंहि खरें. त्यांस दारांत उभें करूं नये. यंत्राहून महाग आहे तें माणूस. सर्व्हरची देखभाल करणारा, रोजच्या नोंदींच्या प्रती निराळ्या ठिकाणीं काढून ठेवणारा, ठिगळें वेळच्या वेळीं लावणारा जाणता माणूस पाहिजे, आणि तो एकट्या लहान कॉलेजास परवडत नाहीं, ही अडचण आम्ही मान्य करतों. पण महाराष्ट्रांतील कॉलेजें एकेकटीं थोडींच आहेत? १८८४ सालची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापिलेली व आज चाळीसहून अधिक महाविद्यालयें चालविणारी रयत शिक्षण संस्था, अशा संस्थांच्या छत्राखालीं कॉलेजांचीं कुटुंबेंच नांदत आहेत. कुटुंबानें मिळून एक सर्व्हर-घर व दोन तज्ज्ञ ठेवावे. ज्या संस्था लहान आहेत त्यांनीं जिल्ह्यापुरती सहकारी सोय करावी. साखरेचे कारखाने आणि दुधाचे संघ सहकारानें उभारणाऱ्या प्रांतास हें अशक्य आहे असें म्हणणें हास्यास्पद होईल. आणि खर्च न करण्याचाहि एक खर्च असतो. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त विद्यापीठास डिसेंबर २०१९ मध्यें खंडणीखोरांनीं गांठलें. एका ई-मेलमधील दुवा उघडला गेला होता, एवढेंच निमित्त. विद्यापीठानें तीस बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारें दोन लाख युरो, मोजून आपलीं दप्तरें सोडवून घेतलीं. आमच्याकडे तर कायद्याचाहि हात आतां जवळ आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें, माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था न ठेवणारांस अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याचे नियमहि नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. ह्या कायद्याच्या दृष्टीनें अठरा वर्षांखालील व्यक्ति बालक. म्हणजे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील बहुतेक सारीं मुलें. बैल गेला आणि झोपा केला, हा आपला परिपाठ ह्या बाबतींत तरी सोडावा.

ज्या अडचणीविषयीं तंत्रज्ञ कधींच बोलत नाहींत, आणि जी ह्या मासिकाच्या वाचकांस खचित जाचेल, ती मराठीची. कॉलेजचा पत्रव्यवहार मराठींत; पण तो ज्या टंकांत चालतो ते कित्येक ठिकाणीं युनिकोडच्या पूर्वींचे, प्रत्येक विक्रेत्याचे निराळे, आणि एका यंत्राच्या पाठीस खोंवलेल्या लहानशा खुंटीवांचून न चालणारे. खुंटी कचेरींत, कारकून घरीं! सर्व्हर मांडणारा तंत्रज्ञ त्यावर इंग्रजी कळफलक बसवून मोकळा होतो. घरच्या यंत्राचा मराठी कळफलक आणि तिकडच्या मेजाचा इंग्रजी कळफलक ह्यांचें जुळलें नाहीं म्हणजे 'महोदय' टंकलें असतां भलतींच चिन्हें उमटतात. मग बिचारा कारकून काय करतो? पत्र मोबाइलवर मराठींत लिहितो आणि व्हॉट्सअ‍ॅपनें कचेरींत धाडतो. देवडी, पहारा, वही ह्यांवर केलेला सारा खर्च ह्या एका फटींतून वाहून जातो. उपाय अगदींच अवघड नाहीं. इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेला आहे. कवि व सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं आंखलेला 'मंगल' हा युनिकोड टंक विंडोज २००० पासून विनामूल्य हाताशीं आहे. जुनीं दप्तरें एकदां युनिकोडमध्यें फिरवून घ्यावीं, दोन्ही बाजूंस एकच कळफलक बसवावा, आणि कंत्राटाच्या कागदावर 'मराठी टंकलेखन दूरस्थ मेजावर चालून दाखविल्याशिवाय पैसे नाहींत' असें स्पष्ट लिहावें.

राहतां राहिली एक भीति, आणि ती कर्मचाऱ्यांच्या बाजूची आहे. आज घरून काम करतां येत नाहीं म्हणून निदान रात्रीं आठनंतर घर तरी घर असतें. एकदां मेज घरांत आलें कीं रविवारीं दुपारीं साहेबांचा निरोप येणार: 'पांच मिनिटांचें काम आहे, तेवढें उघडून पाहा.' ही भीति काल्पनिक नाहीं. फ्रान्सनें १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांवर ह्याविषयीं नोकरांशीं बोलणी करण्याचें बंधन घातलें. आपल्याकडेहि २०१८ सालच्या अखेरीस खासदार सुप्रिया सुळे यांनीं कामाच्या वेळेबाहेर निरोपांस उत्तर न देण्याचा हक्क मागणारें खाजगी विधेयक लोकसभेंत आणलें होतें. पण कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कोणत्या खात्यानें कोणत्या वारीं, कोणत्या तासांत आंत यावें हें सर्व्हरवर ठरवून ठेवतां येतें. सकाळीं आठ ते रात्रीं आठ, रविवार बंद. मार्चअखेर व प्रवेशाचे दिवस वगळून. आणि त्या दिवसांचा बदली मोबदला लेखी. देवडीच बंद असली म्हणजे कारकुनास साहेबांपुढें 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य गोळा करावें लागत नाहीं. ज्या व्यवस्थापनास रविवार बंद ठेवण्याची अट मान्य नाहीं, त्यास नोकराची सोय नव्हे, दुसरें कांहींतरी हवें होतें, हें तेव्हांच उघड होईल. घरच्या इंटरनेटचें व विजेचें बिल कोणीं भरावयाचें हाहि प्रश्न त्याच कागदावर मिटवावा.

आणि माणूस नोकरी सोडून जातो तेव्हां काय होतें, तेंहि पालकांनीं जूनमध्यें प्रवेशाच्या खिडकीशीं उभें असतां विचारून पाहावें. आमच्या पाहण्यांत असे सेवानिवृत्त अधीक्षक आहेत कीं ज्यांचा कचेरीच्या यंत्रांतील पासवर्ड निवृत्तीनंतर तीन वर्षांनींहि चालत होता. ते सज्जन म्हणून कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, एवढेंच. निरोपसमारंभाच्या यादींत शाल, श्रीफळ व मानपत्र ह्यांच्या शेजारीं 'खातें बंद केलें' अशी आणखी एक ओळ असावी, आणि तिच्यावर त्याच दिवशीं प्राचार्यांची सही व्हावी.